टायर फुटल्यावर चाक बदलणं सगळ्यात शेवटी

मे महिन्यात किंवा गणपतीच्या आदल्या रात्री पनवेल सोडलं की थोड्या थोड्या अंतरावर एक तरी गाडी कडेला लागलेली दिसते. डिकी उघडी, बॅगा रस्त्यावर, एक जण उकिडवा बसून पान्याशी झटतोय, दोन पोरं गाडीच्या मागे उभी राहून मोबाइलचा टॉर्च धरतायत आणि हातभर अंतरावरून कंटेनर जातायत. यातल्या बहुतेकांना चाक बदलता येतं. गाडी भलत्याच जागी थांबवलेली असते, माणसं भलत्याच जागी उभी असतात, किंवा नट हलायलाच तयार नाही हे त्या क्षणी पहिल्यांदा कळलेलं असतं.

म्हणून खालचा क्रम तसाच पाळा. घाईत लोक चौथ्या टप्प्यावरून थेट आठव्यावर उडी मारतात आणि मधल्या तीन टप्प्यांतच जीव जातात. हे सगळं चारचाकीबद्दल आहे. दुचाकीचा हिशेब वेगळा.

## टप्पा १ : आठवडाभर आधी टायर वाचून काढा

मुंबईतल्या गाड्यांचं एक खास दुखणं आहे. सोमवार ते शुक्रवार मालक लोकलमध्ये आणि गाडी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये. सहा-सात वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर. टायरची नक्षी शाबूत असते, त्यामुळे मालक म्हणतो, "टायर तर नवेच आहेत." रबर मात्र उभ्या गाडीतही जुनं होतं. कडक पडतं, बारीक भेगा धरतं, आतल्या थरांची पकड सैल होते. असा टायर दादर ते बोरिवली कधीच तक्रार करत नाही. पाच माणसं, भरलेली डिकी, मे महिन्याचं ऊन आणि सलग दोन तास शंभरचा वेग, हे सगळं एकत्र मिळालं की फुटतो.

म्हणून आधी टायरची जन्मतारीख बघा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला चार आकडे सापडले नाहीत तर ते आतल्या बाजूला असतील. स्टिअरिंग पूर्ण वळवून, टॉर्च मारून बघा. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराला दाखवावा, आणि सहा वर्षांपुढच्या टायरवर मी तरी कुटुंबाला घेऊन कोकणात जाणार नाही. दहा वर्षं ही अगदी शेवटची हद्द. न वापरलेल्या स्टेपनीलाही तीच लागू.

नक्षीच्या खोबणीत तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याची किमान मर्यादा तेवढीच. पावसाळ्यात तिथपर्यंत थांबू नका, तीन मिलिमीटरलाच बदला.

मग टायरच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवा. पावसाळ्यात खड्ड्यात जोरात आपटलेल्या टायरला बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. आतले धागे तुटलेले असतात आणि हवा फक्त वरच्या रबराने धरलेली असते. याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. "गोव्याहून आल्यावर बदलू" असं ज्या टायरबद्दल म्हटलं जातं तो बहुधा हाच असतो.

जुनी पंक्चरं कुठे आहेत तेही बघा. जमिनीला टेकणाऱ्या मधल्या पट्ट्यातलं पंक्चर नीट काढलं असेल तर चालतं. टायरच्या खांद्यावर (मधला पट्टा आणि बाजू जिथे मिळतात तिथे) किंवा बाजूच्या भिंतीत सुताची पट्टी ठोकून दिलेली असेल तर तो टायर शहरापुरताही ठेवू नका.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात. टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलेलं असतं. त्यातला ८८ हा भाराचा आकडा: एका टायरने जास्तीत जास्त ५६० किलो पेलायचे. स्वस्तात मिळाला म्हणून ८२ चा बसवला तर तीच मर्यादा ४७५ किलोवर येते. कंपनीने दिला त्यापेक्षा कमी आकडा कधीही घेऊ नका.

टायर फुटणं ही देवाची करणी नाही, हे आता कोर्टानेही सांगून झालंय. पुणे-मुंबई प्रवासातल्या २०१० सालच्या एका अपघातात विमा कंपनीने तसा बचाव केला होता; मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो फेटाळला आणि हा माणसाचा हलगर्जीपणा धरला.

तपासा: चारही टायर आणि स्टेपनी, पाचांच्या तारखांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत का?

## टप्पा २ : हवा थंड टायरमध्ये, दारावरच्या स्टिकरप्रमाणे

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावर बहुतेक गाड्यांना दोन आकडे दिलेले असतात, दोन-तीन माणसांसाठी वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा. लांब जाताना दुसरा वापरायचा. टायरच्या बाजूवर ४४ किंवा ५१ असा कमाल दाबाचा आकडा छापलेला असतो, तो भरायचा आकडा नव्हे.

सर्वात पक्का बसलेला गैरसमज असा: "उन्हाळ्यात हवा दोन पॉइंट कमी ठेवा, गरम होऊन फुटतो." बरोबर उलटं आहे. कमी हवेच्या टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि त्या उष्णतेने आतले थर सुटतात. सकाळी ३३ भरलेली हवा दोन तासांनी ३७ दाखवेल; तेवढी वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. फूड मॉलवर गरम टायर तपासून "जास्त झाली" म्हणून हवा सोडलीत, तर रात्री टायर थंड झाल्यावर तो कमी हवेचा टायर असतो. नायट्रोजन भरल्याने यातलं काही बदलत नाही.

गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना हवा भरा. पंपावरच्या मीटरवर भरवसा न ठेवता स्वतःचा छोटा गेज ठेवा. परतीच्या वाटेवर पुन्हा तपासा: जाताना बॅगा असतात, येताना बॅगा अधिक आंब्याच्या पेट्या अधिक तांदळाचं पोतं.

## टप्पा ३ : स्टेपनीची रंगीत तालीम, घरच्या पार्किंगमध्ये

यासाठी रविवारची सकाळ काढा. अर्धा तास पुरे.

पहिला प्रश्न: गाडीत स्टेपनी आहे का? विचित्र वाटेल, पण विचारा. २०२० मध्ये नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी देणं आता बंधनकारक नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांत, विशेषतः इलेक्ट्रिक गाड्यांत, फक्त एक बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. खिळ्याच्या भोकाला ती बाटली चालते. फाटलेल्या टायरला तिचा शून्य उपयोग. अशा गाडीवाल्यांनी सातवा टप्पा घरीच सोडवून निघावं.

स्टेपनी असेल तर तिचा आकार बघा. बऱ्याच गाड्यांत ती बाकीच्या चाकांपेक्षा लहान किंवा अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरचा स्टिकर असतो. अगदी अरुंद, तात्पुरत्या चाकात हवाही नेहमीपेक्षा बरीच जास्त लागते, साधारण ६० पॉइंट. नेमका आकडा त्याच चाकावर लिहिलेला असतो. स्टेपनीत हवा नसणं हा आपल्याकडचा इतका ठरलेला प्रकार आहे की मदतीला येणारा माणूस आधी तेच विचारतो.

सीएनजी गाडीत सिलिंडरमुळे स्टेपनी कुठे सरकवली आहे ते शोधा. मोठ्या सात आसनी गाड्यांत ती बऱ्याचदा पोटाखाली, साखळीला लटकलेली असते. मागच्या भोकातून दांडा घालून फिरवली की खाली येते. मुंबईच्या चार पावसाळ्यांनंतर ती यंत्रणा गंजून बसते. एकदा खाली उतरवून, तेल घालून, परत वर घ्या.

आता पाना नटला लावा आणि खरोखर एक नट सैल करून बघा. टायरच्या दुकानात नट हवेच्या बंदुकीने इतके आवळतात की गाडीतल्या आखूड पान्याने ते हलत नाहीत. हे घरी कळलं तर दुकानात जाऊन योग्य दाबाने परत आवळून घेता येतात, रस्त्यावर कळलं तर पुढचा ट्रक थांबण्याची वाट बघावी लागते. अलॉय चाकांना एखादा चोर-नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला) असेल तर त्याची वेगळी चावी लागते. ती बहुधा ग्लोव्ह बॉक्समध्ये कागदांखाली असते. चारचौकी पाना वेगळा विकत घेतलात तर पैसे वसूल होतील.

डिकीत आणखी काय हवं: परावर्तक त्रिकोण, परावर्तक जाकीट, कपाळावर बांधायचा टॉर्च (दोन्ही हात मोकळे राहतात), जाड हातमोजे, जॅकखाली ठेवायला फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी, चाकाला लावायला लाकडाचे दोन ठोकळे. जुन्या पाटाचा तुकडा फळी म्हणून उत्तम चालतो. हे सगळं सामानाच्या वर ठेवायचं, खाली नाही.

तपासा: बॅगा न काढता त्रिकोण आणि जाकीट हाताला येतं का? येत नसेल तर डिकी परत भरा.

## टप्पा ४ : पहिली दहा सेकंदं

टायर बऱ्याचदा सांगून फुटतो, आपण गाणी मोठ्याने लावलेली असतात. स्टिअरिंग एका बाजूला ओढणं, वेगाबरोबर वाढणारी धपधप, जळक्या रबराचा वास, डॅशबोर्डवर हवेचा दिवा: यातलं काहीही झालं की वेग उतरवा आणि जवळच्या सुरक्षित जागी थांबून चारही टायर बघा. चहाला थांबाल तेव्हा प्रत्येक टायरजवळ तळहाताची मागची बाजू न्या. एखादाच बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय.

तरीही फुटलाच, तर मोठा आवाज होतो आणि गाडी ओढली जाते. पुढचा टायर असेल तर स्टिअरिंग त्या बाजूला पळतं. मागचा असेल तर स्टिअरिंग ठीक वाटतं, पण गाडीचं बूड डोलायला लागतं.

त्या क्षणी पाय आपोआप ब्रेकवर जातो. तोच आवरायचा. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि फुटलेल्या टायरच्या बाजूला गाडी फिरते. क्रम असा:

१. स्टिअरिंग दोन्ही हातांनी, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, घट्ट. गाडी आपल्याच लेनमध्ये सरळ ठेवणं एवढंच काम.

२. अॅक्सिलरेटरवरून पाय झटक्यात उचलू नका. क्षणभर तसाच ठेवा, गाडी सरळ झाली की हळूहळू सोडा. क्रूझ कंट्रोल चालू असेल तर बटणाने बंद करा.

३. वेग आपोआप उतरू द्या. फाटलेला टायर स्वतःच ब्रेकसारखा ओढतो. घाईने खालचा गिअर टाकू नका.

४. गाडी ताब्यात आल्यावर चारही इंडिकेटर लावा. आधी नाही, बटण शोधताना एक हात सुटतो.

५. वेग ताशी ४० च्या खाली आल्यावर हलका ब्रेक, डावीकडचा आरसा, आणि एक-एक लेन करत डावीकडे.

सावध: उतरत्या घाटात, म्हणजे खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना, गाडी आपोआप थांबणार नाही. तिथे गाडी सरळ झाल्या झाल्या ब्रेक लावायचाच, पण हळूहळू दाब वाढवत. घाटात वेगमर्यादा पाळली असेल तर हे जमतं. नसेल पाळली तर जमेल असं लिहिण्याची माझी तयारी नाही.

शेजारी बसणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: आवाज झाला तर ओरडायचं नाही, स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

## टप्पा ५ : थांबायचं कुठे

इथे लोकांचा जीव रिममध्ये अडकतो. "फुटलेल्या टायरवर चालवली तर रिम जाईल." जाऊ दे. रिम पैशाने परत मिळते.

फुटलेल्या टायरवर माणसाच्या चालीपेक्षा थोड्या जास्त वेगाने, चारही इंडिकेटर लावून, पाच-सातशे मीटर जाता येतं. तेवढ्यात वळण संपतं, पूल संपतो, बस थांबण्याचा रुंद कट्टा किंवा पेट्रोल पंप सापडू शकतो. रस्ता सरळ असावा, मागच्या गाडीला तुम्ही लांबून दिसावं, जमीन सपाट आणि टणक असावी.

कुठे थांबायचं नाही: वळणाच्या लगेच पुढे, चढाच्या माथ्यानंतर, पुलावर, उजवीकडच्या दुभाजकाला चिकटून आणि बोगद्यात. भाताण किंवा कामशेतच्या बोगद्यात टायर फुटला तर रडतखडत का होईना गाडी बाहेर काढा. उभ्या ट्रकच्या पाठीशी "आडोसा" म्हणून लावणं हाही एक लोकप्रिय वेडेपणा: मागून कुणी आलं तर तुम्ही दोघांच्या मधे.

मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्यात काँक्रीटच्या कडेला लाल मातीचा चिखल असतो. पूर्ण चिखलात उतरलात तर जॅक रुतेल. तिथे थोडं पुढे जाऊन गावाचा फाटा पकडा. फाट्यावर टायरवाला सापडण्याची शक्यताही जास्त.

## टप्पा ६ : माणसं बाहेर, त्रिकोण मागे

गाडी थांबली. आता टायर बघायला जाऊ नका. ताशी १०० ने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर कापते. अर्धवट झोपेतला ड्रायव्हर तुमची गाडी उभी आहे हे ओळखेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

सगळ्यांनी डाव्या दारांनीच उतरायचं, ड्रायव्हरनेही, पलीकडे सरकून. लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन गाडीच्या मागच्या दिशेला पंधरा-वीस पावलं दूर उभं राहायचं. गाडीच्या पुढे नको: धडक बसली तर गाडी पुढेच ढकलली जाते. रात्री कठडा ओलांडण्याआधी पलीकडे टॉर्च मारा. घाटात आणि पुलांच्या तोंडाशी कठड्यामागे जमीन असेलच असं नाही.

पाऊस असला, एसी चालू असला, आजींचे गुडघे दुखत असले, बाळ झोपलेलं असलं, तरी द्रुतगती मार्गावर कुणीही गाडीत बसायचं नाही. छत्र्या काढा. आजींना हात द्या.

मग जाकीट घालून त्रिकोण. कठड्याच्या बाहेरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड ठेवून, त्रिकोण छातीसमोर धरून मागे चालत जायचं. साध्या दुपदरी रस्त्यावर निदान पन्नास मीटर, द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर शंभर ते दीडशे मीटर. गाडी वळणानंतर असेल तर त्रिकोण वळणाच्या आधी. ट्रकच्या वाऱ्याने तो उडतो, म्हणून पायावर दगड ठेवा.

चारही इंडिकेटर लावलेत म्हणून त्रिकोण टाळू नका. पावसात घाट चढताना आपल्याकडे अर्धे लोक चालत्या गाडीचेही चारही इंडिकेटर लावून फिरतात. त्यामुळे मागच्याला लुकलुकणारे दिवे दिसले तरी ही गाडी उभी आहे असं वाटतच नाही.

तपासा: पाना हातात घेण्याआधी: सगळी माणसं कठड्यापलीकडे? त्रिकोण लागला? पार्किंगचे दिवे चालू?

## टप्पा ७ : स्वतः बदलायचं की मदत मागवायची

कसोटी सोपी आहे. डाव्या बाजूचा टायर, गाडी वाहत्या लेनपासून चांगली आत, उजेड, टणक सपाट जमीन: स्वतः बदला. उजव्या बाजूचा टायर आणि द्रुतगती मार्गाचा शोल्डर (कडेची थांबायची पट्टी): बदलू नका, मदत मागवा. उजवं चाक बदलताना तुमची पाठ वाहत्या लेनमध्ये असते. "पाच मिनिटांचं तर काम" असं म्हणणारा काका प्रत्येक गाडीत एक असतो, त्याचं ऐकू नका.

फोन: ११२ वर पोलिस, १०८ वर रुग्णवाहिका, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. द्रुतगती मार्ग आणि समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहेत. त्यांचे मदत क्रमांक रस्त्यालगतच्या फलकांवर असतात, निघतानाच सेव्ह करा. गाडीच्या किंवा विम्याच्या रस्ता-मदत सेवेचा क्रमांक आणि पॉलिसी नंबर कागदावरही लिहून ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच जाते.

जागा सांगताना "लोणावळ्याच्या थोडं अलीकडे" असं सांगू नका. कडेचा किलोमीटर दगड वाचा आणि बाजू सांगा: "किलोमीटर अमुक, मुंबईकडे जाणारी बाजू." बाजू सांगायची राहिली की मदतीची गाडी समोरून हात करत निघून जाते आणि वळून यायला तिला पुढचा एक्झिट गाठावा लागतो.

अनोळखी माणूस आपणहून मदतीला आला तर उद्धटपणा नको, पण पर्स, मोबाइल आणि गाडीची चावी स्वतःकडे.

## टप्पा ८ : चाक बदलणं

१. हँडब्रेक पूर्ण ओढा. गिअर पहिला, गाडीचं तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स, ऑटोमॅटिक असेल तर पी. इंजिन बंद.

२. फुटलेल्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे किंवा दगड. पुढचं डावं बदलायचं असेल तर मागचं उजवं.

३. स्टेपनी आणि सगळी हत्यारं आत्ताच बाहेर काढा. गाडी जॅकवर असताना डिकीत वाकून काही शोधायचं नाही.

४. चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा फेरा सैल करा, घड्याळाच्या उलट दिशेने. सर्वाधिक चुकणारी पायरी हीच. आधी गाडी उचलली की नट ओढताना चाक फिरतं आणि जोर लावला की गाडी जॅकवरून घसरते. नट अडला तर पाना आडवा, डावीकडे येईल असा लावून पायाने हळूहळू वजन टाका. उड्या मारू नका, पाना निसटून नडगीवर येतो.

५. जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात बघून ठेवा. दारांखालच्या लोखंडी ओठाला चाकाजवळ दोन खाचा असतात, जॅकचं डोकं त्यांच्या मधोमध. प्लॅस्टिकच्या पट्टीला लावलात तर पट्टी जाईल, पत्र्याला लावलात तर पत्रा. जॅकखाली फळी.

६. गाडी थोडी उचला आणि जॅक सरळ उभा आहे का ते बघा. कलत असेल तर खाली उतरवून परत लावा. "चालतंय" म्हणायचं नाही.

७. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवा. जॅक निसटला तर गाडी तिच्यावर टेकेल, तुमच्या हातावर नाही. कुठल्याही क्षणी डोकं, हात, पाय गाडीखाली घालायचे नाहीत.

८. फुटलेलं चाक जमिनीपासून चार-पाच बोटं वर येईपर्यंत उचला. हवा भरलेली स्टेपनी जास्त जागा घेते. नट काढून एका टोपीत किंवा रुमालावर ठेवा. मातीत ठेवले की आट्यांत खडी जाते.

९. चाक गंजून हबला (ज्या तबकडीवर चाक बसतं तिला) चिकटलेलं असेल तर जॅकवरच्या गाडीला लाथा घालू नका. नट परत लावून अर्धा-एक फेरा सैल ठेवा, गाडी खाली घ्या, बोनेट किंवा डिकीवर हाताने दाबून हलवा. तिच्या वजनाने चाक सुटतं.

१०. फुटलेलं चाक पोटाखाली, स्टेपनी बाहेर. बसवताना आधी सगळे नट हाताने फिरवा. नटची निमुळती बाजू आत. हाताने दोन-तीन फेरे सहज गेले पाहिजेत. अडत असेल तर आटी चुकलीय, काढून परत लावा. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही.

११. पान्याने थोडं आवळा, मग पोटाखालचं चाक काढून गाडी खाली घ्या. शेवटचं पक्कं आवळणं जमिनीवरच. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक. ओळीने गोल आवळत गेलात तर चाक तिरकं बसतं आणि पन्नास किलोमीटरवर थरथरायला लागतं. हाताच्या पूर्ण ताकदीने, पायाने नाही.

सावध: निघण्याआधी चाकाच्या कमानीत टॉर्च मारा. फाटलेल्या टायरच्या पट्ट्या आत चाबकासारख्या आपटतात: ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर, प्लॅस्टिकचं अस्तर तुटलेलं असू शकतं. ब्रेकचं तेल गळताना दिसलं किंवा पेडल खोल जात असेल तर तिथेच थांबा आणि टोचन मागवा.

त्रिकोण आणि लावलेले दगड उचलून घ्या. रस्त्यात सोडलेल्या दगडावर पुढच्याचा टायर फुटतो. आधी त्रिकोण आणा, मग माणसं गाडीत.

## टप्पा ९ : पुढचा रस्ता आणि नवा टायर

शोल्डरवरच वेग घ्या, मग डाव्या लेनमध्ये शिरा. स्टेपनी लहान असेल तर ताशी ८० ही कमाल, घाटात आणि पावसात त्याहूनही कमी. अशा चाकावर गोव्यापर्यंत जायचं नाही. पहिल्या मोठ्या गावात, चिपळूण असो की संगमनेर, टायर घ्यायचा. तोवर तुमच्याकडे दुसरी स्टेपनी नाही हे लक्षात ठेवून चालवा.

महामार्गावरच्या दुकानात "सेकंडहँड, एकदम कंडिशन" असा टायर पुढे केला जाईल. जन्मतारीख आणि भाराचा आकडा पहिल्या टप्प्याप्रमाणे बघा. आतली बाजू बोटांनी चाचपा, पॅच सापडेल. कडेची नक्षी नव्याने कोरलेली किंवा काळा रंग फासलेला असेल तर पुढचं दुकान. कारला रिमोल्ड टायर (जुन्यावर नवं रबर चढवलेला) लांबच्या प्रवासाला नको.

जमत असेल तर एकाच अॅक्सलचे, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, बदला. फुटलेल्याचा जोडीदार त्याच वयाचा आहे आणि त्याच खड्ड्यांतून आलाय. दोनच नवे घेतले तर ते मागे बसवा. दुकानदार पुढे बसवायचा आग्रह धरतील. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि ड्रायव्हरला ते जाणवतं. मागची घसरली तर गाडी गोल फिरते आणि काही करायला वेळ मिळत नाही. बॅलन्सिंग तिथेच करून घ्या, अलाइनमेंट मुंबईत परतल्यावर.

विम्याचं म्हणाल तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसता टायर फुटल्याचे पैसे मिळत नाहीत. त्याच घटनेत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचा विचार होतो, तोही बदलीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. टायरसाठी वेगळं जोडकलम घेतलं असेल तर त्याच्या अटी वाचा. दोन्ही बाबतींत चाक काढण्याआधी, सुरक्षित जागेवरून, टायर, कमान आणि किलोमीटर दगड यांचे फोटो काढलेले असले तर दावा करताना वाद कमी होतात. फाटलेला टायर दुकानात टाकून येऊ नका, सर्व्हेअर तो बघायला मागू शकतो.

आणि चाक स्वतः बदललं असो किंवा दुकानदाराने, पन्नास किलोमीटरनंतर सुरक्षित जागी थांबून सगळे नट पान्याने एकदा परत आवळून बघा. एखादा पाव फेरा जातोच.